ज्युडिथ वीअर : राणीच्या संगीतकार की कथेकरी?

मेघना_लेस्टर

नमस्कार मंडळी,

मार्च २०१५ मध्ये आमच्या लेस्टर गावात तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष कॅथीड्रलमध्ये विधिपूर्वक पुरले. गाड्या लावायच्या जागेखाली २०१२ साली सापडलेला हाच तो राजा. मिरवणूक निघाली त्या दिवशी मी दोन्ही मुलांना घेऊन फुटपाथवर उभी होते. मुख्य प्रार्थनासभेत राष्ट्रगीताची नवी मांडणी वाजली. ती ज्युडिथ वीअर यांनी केलेली, असं नंतर वाचलं. त्या आदल्या वर्षी 'मास्टर ऑफ द क्वीन्स म्युझिक' झाल्या होत्या, या पदावरची पहिली बाई. राणीसाठी राष्ट्रगीत सजवून देणाऱ्या कुणी सरकारी संगीतकार असतील, एवढीच नोंद मी मनात केली आणि विसरून गेले.

मग काही वर्षांनी मी इथल्या एका हौशी गायकवृंदात जायला लागले. नाताळच्या तयारीत आमच्या दिग्दर्शिकेने एक गाणं काढलं, 'इल्युमिनारे, जेरुसलेम'. वर नाव वीअर यांचंच. १९८५ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या नाताळसभेसाठी केलेलं. शब्द जुन्या स्कॉट्स बोलीतले, पंधराव्या शतकाच्या आसपासचे. अडीच-तीन मिनिटांचा जीव. पण बायांनो, घाम फुटला! मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजात आहे. स्वर अवघड नव्हते, अवघड होतं ते गप्प बसणं. ऑर्गन जवळजवळ पूर्ण वेळ मुका असतो आणि ध्रुवपद आलं की तळातून खर्जाचे मोजके सूर येतात. पहिल्यांदा ते सूर चर्चच्या लाकडी जमिनीतून माझ्या पायांत शिरले तेव्हा अंगावर काटा आला.

तेव्हापासून त्यांचं मिळेल ते ऐकते आहे. माझं मत असं झालंय की राजघराण्याच्या पदाने या बाईंची ओळख झाकली गेली. त्या मुळात गोष्ट सांगणाऱ्या आहेत. तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का? आणि आपल्या संगीतावर कान तयार झालेल्या माणसाला ऐकायला द्यायचं तर कुठून सुरुवात करावी? आईला (वय ७४, माणिक वर्मांची भक्त) काहीतरी ऐकवायचं आहे.

नाना_सांगलीकर

छान धागा. पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण प्रश्न पडला. हे पद म्हणजे दरबारी गवई का? आमच्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात ठेवलं, तसं? या बाई रोज राजवाड्यात हजेरी लावतात?

थेम्सकाठी

नानासाहेब, हजेरी नाही. या पदाची सुरुवात १६२६ सालची, पहिल्या चार्ल्सच्या काळातली. पहिला मानकरी निकोलस लॅनियर. तेव्हा राजाचा वाद्यवृंद खरोखर सांभाळावा लागे. आता ठरलेली कामं नाहीत, प्रसंगाला काही रचावंसं वाटलं तर रचायचं. १९२४ ते ३४ एल्गार होते. पूर्वी हे पद तहहयात असे. माल्कम विल्यमसन २००३ मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांना नेमताना पहिल्यांदा दहा वर्षांची मुदत घातली. त्यांच्यानंतर २०१४ ते २०२४ वीअर. २०२२ मध्ये राणी गेली, तेव्हा मध्येच 'क्वीन्स'चं 'किंग्ज' झालं.

अवांतर : धागाकर्तीने नाव बरोबर लिहिलंय, वीअर. 'वेअर' नव्हे.

पेटीवाला

मेघनाताई, गप्प बसणं अवघड हे अगदी पटलं. साथीला बसलेल्या पेटीवाल्याला विचारा. वाचनखूण साठवली.

खर्जसाधक

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

वीअर बऱ्या आहेत, पण 'मोठ्या' का म्हणायचं? त्यांच्याच देशात जॉर्ज बेंजामिन आहेत, थॉमस अ‍ॅडेस आहेत. अ‍ॅडेसचा 'द टेम्पेस्ट' २००४ मध्ये रॉयल ऑपेराने आणला, बेंजामिनचा 'रिटन ऑन स्किन' २०१२ मध्ये फ्रान्समधल्या एक्सला झाला आणि जगभर गेला. वाद्यवृंदाचा काय तो पसारा, काय ते रंग! वीअर यांचं ऐकलं की वाटतं, कुणीतरी पेन्सिलीने चार रेघा मारून चित्र संपलं म्हणून उठलंय. लोकगीतासारखी चाल, दोन-तीन वाद्यं, झालं.

आणि मोठी संधी मिळाली तेव्हा काय झालं? 'मिस फॉर्च्युन', त्यांचा ऑपेरा, २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंत्सला झालं आणि २०१२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला, म्हणजे रॉयल ऑपेराच्या थिएटरात आलं. मी तेव्हा लंडनला नोकरीत होतो, वरच्या गॅलरीतलं तिकीट काढून गेलो होतो. श्रीमंत घरातली टीना, घर बुडतं, नशिबाच्या मागे भटकते. रंगमंचावर कबाबची गाडी आणि ब्रेकडान्स करणारी पोरं. समीक्षकांनी अक्षरशः सोलून काढलं. मीही जड मनाने बाहेर पडलो. दोनच वर्षांनी राणीच्या संगीतकाराचं पद मिळालं. ते संगीतासाठी की सौम्य स्वभावासाठी, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

मेघना_लेस्टर

@खर्जसाधक, राग कसला, याचसाठी धागा काढला. 'मिस फॉर्च्युन' मी पाहिलेलं नाही, त्यामुळे भांडत नाही. पण 'चार रेघा' हा आरोप तुम्ही केलात आणि मी तेच कौतुक म्हणून सांगायला आले होते! उद्या सविस्तर लिहिते, मुलांना पोहायला न्यायचंय.

अनघा_प

मला लिहायला उशीर झाला, पण 'चार रेघां'वरून सांगायलाच हवं.

वीअर यांचा १९७९ चा एक ऑपेरा आहे, 'किंग हॅराल्ड्स सागा'. तीन अंकी भव्य ऑपेरा असं त्यावर लिहिलंय. लांबी साधारण दहा मिनिटं. पात्रं आठ, शिवाय नॉर्वेचं अख्खं सैन्य. आणि हे सगळं गाते एकटी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, साथीला एकही वाद्य नाही. जेन मॅनिंग या गायिकेसाठी लिहिलेला. गोष्ट १०६६ ची : नॉर्वेचा राजा हॅराल्ड इंग्लंड जिंकायला निघतो आणि स्टॅमफर्ड ब्रिजला मारला जातो. आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या राजांच्या बखरीतून घेतलीय.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरात एकटीच जोरात म्हणाले, "अहो, हे तर कीर्तन!" माझे आजोबा गोंदवल्याकडे कीर्तनं करत. उत्तररंगात आख्यान लागलं की तेच रावण, तेच सीता, तेच वानरसेना. उपरणं खांद्यावरून डोक्यावर गेलं की माणूस बदलला. वीअर यांची गायिका उपरणंसुद्धा घेत नाही, फक्त स्वराची जागा आणि चाल बदलते. हॅराल्डच्या दोन राण्या आहेत, त्यांचं युगुलगीत आहे, तेही एकाच गळ्यातून!

याला पेन्सिलीच्या चार रेघा म्हणायचं तर म्हणा. पण त्या चार रेघांत पूर्ण माणूस दिसतो की नाही, एवढंच मी बघते.

पेटीवाला

दहा मिनिटांत तीन अंक? आमच्या संगीत नाटकात एवढ्या वेळात पडदासुद्धा उघडत नसे :)

नाना_सांगलीकर

अनघाताई, कीर्तनाचं म्हणालात आणि मला एकदम दार उघडल्यासारखं झालं. दुवा सापडतो का बघतो. दहा मिनिटं तर दहा मिनिटं.

मडगावचो

देव बरें करूं मेघनाबाय, या धाग्यासाठी. मी चर्चच्या कॉयरमध्येच वाढलो, पाय ऑर्गनच्या पेडलला पोचायच्या आधीपासून. त्या खर्जाबद्दल सांगतो.

मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज विरायला वेळ लागतो. जो रचनाकार सतत ऑर्गन वाजवत ठेवतो त्याचे शब्द एकमेकांत कालवले जातात. किंग्ज कॉलेजचं चॅपल तर प्रचंड उंच आणि लांब. तिथे खालचा सूर थोडकाच दिला की तो कानापेक्षा छातीला आधी कळतो, आणि वरचे शब्द स्वच्छ राहतात. वीअर त्याच कॉलेजात शिकल्या, रॉबिन हॉलोवे यांच्याकडे. ती जागा त्यांच्या कानात होती. त्यांनी स्वर लिहिले तसं ते चॅपलही लिहिलं असं मी म्हणेन.

आणि मुळात त्या ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्या, नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रातल्या. ओबोवाल्याला श्वास कुठे घ्यायचा हे कळतं. त्यांच्या ओळी गाताना छाती फुटत नाही. काही आधुनिक रचनाकार गाणाऱ्याला फुप्फुसं असतात हे विसरतात.

थेम्सकाठी

+१ मडगावचो.

शाळेत असतानाच जॉन टॅव्हेनर यांच्याकडे त्या रचना शिकत होत्या. टॅव्हेनर म्हणजे एका स्वरावर पाच-पाच मिनिटं डोळे मिटून बसणारा माणूस. तिथून कमीत कमी सामग्रीची सवय लागली असेल, पण वीअर यांना स्थिर बसवत नाही. गोष्ट पुढे सरकायलाच हवी.

गोदातीर

पण मग मधली वर्षं कशी गेली? केंब्रिजमधून निघाल्या आणि थेट राजदरबारी असं तर नसेल. त्यांचं पोट कशावर चाललं, हे मला कुठल्याही कलावंताबद्दल कळावंसं वाटतं.

मेघना_लेस्टर

@गोदातीर, फार चांगला प्रश्न, आणि माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे.

जन्म १९५४, केंब्रिजचा, आईवडील स्कॉटिश. १९७६ मध्ये शिक्षण झालं आणि त्या दक्षिण इंग्लंडच्या ग्रामीण भागात कामाला गेल्या. शाळा, प्रौढांचे वर्ग, गावातली हौशी मंडळी, अशांबरोबर संगीत करायचं. तीन वर्षं हे केलं. मग ग्लासगोला शिकवलं. म्हणजे उमेदीच्या वर्षांत समोर होते ते कुणी पाच वादक असलेले, कुणी नुसतेच गळे असलेले, कुणाला नोटेशन वाचता येतं, कुणाला नाही असे लोक. जे हाताशी आहे त्यात गोष्ट उभी करायची सवय तिथे लागली असणार.

१९८५ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी 'द ब्लॅक स्पायडर' केला, कँटरबरी कॅथीड्रलच्या तळघरात. त्यात जाळं विणणाऱ्या कोळ्याची एक जुनी कथा आहे आणि तिच्यात गुंफलेली विसाव्या शतकातली एक बातमी : पोलंडच्या क्रॅकोमध्ये राजा कॅसिमिरची कबर उघडली आणि नंतर त्या कामातली माणसं मरत गेली. तळघरात, थडग्यांच्या शेजारी, पोरं हे गाताहेत! मुलांसाठी म्हणून गुळमुळीत केलेलं नाही.

आणि दोन वर्षांनी 'अ नाइट अ‍ॅट द चायनीज ऑपेरा', १९८७, चेल्टनमला. यानेच त्यांचं नाव झालं. मंगोलांच्या ताब्यातला चीन, कालवा बांधणारा एक तरुण, आणि मधल्या अंकात युआन काळातलं एक नाटक, अनाथ मुलाच्या सुडाचं. ते नाटक तीन नट मिळून करतात, सगळी पात्रं तिघांतच. भूकंप होतो आणि नाटक अर्ध्यावर थांबतं. पुढे नायक नाटकातल्या मुलासारखाच सूड घ्यायला जातो, पण त्याचा शेवट नाटकासारखा होत नाही. संहिताही वीअर यांचीच. त्या बहुतेक वेळा आपले शब्द आपणच लिहितात.

तो ऑपेरा केला केंट ऑपेराने. फिरती मंडळी. १९८९ मध्ये त्यांचं सरकारी अनुदान बंद झालं आणि कंपनी बंद पडली. गावोगाव ऑपेरा नेणारी संस्था एका पत्राने जाते. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

अनघा_प

केंट ऑपेराबद्दल माहीत नव्हतं. फिरत्या नाटक मंडळ्यांचं जगात सगळीकडे एकच.

खर्जसाधक

मी दोन दिवस 'ब्लाँड एकबर्ट' ऐकला. १९९४ चा, इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी केलेला. जंगलातलं एकाकी घर, म्हातारी, गाणारा पक्षी. बायको नवऱ्याच्या मित्राला आपल्या बालपणाची गोष्ट सांगते, त्यात लहानपणीच्या कुत्र्याचं नाव तिला आठवत नाही. मित्र निरोप घेताना सहज ते नाव उच्चारतो. त्याला ते माहीत असायचं काही कारणच नसतं. तिथे संगीत आवाज वाढवत नाही, किंचाळत नाही. मी हेडफोन काढून खोलीत इकडेतिकडे पाहिलं, एवढं सांगतो.

बेंजामिनबद्दलचं माझं प्रेम कमी होणार नाही. पण 'चार रेघा' हे शब्द मी मागे घेतो. 'मिस फॉर्च्युन' फसलं या मतावर ठाम. मोठ्या घरात त्यांचा आवाज पातळ पडला.

मडगावचो

@खर्जसाधक, हे फार मोकळ्या मनाने लिहिलंत. 'मोठ्या घरात पातळ' हे मात्र नेहमी खरं नाही. २००० साली अमेरिकन गायिका जेसी नॉर्मनसाठी 'वुमन.लाइफ.साँग' केलं, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. शब्द माया अँजेलो, टोनी मॉरिसन आणि क्लॅरिसा पिंकोला एस्टेस यांचे. जेसी नॉर्मनचा आवाज म्हणजे समुद्र. वीअर यांनी त्या समुद्राला वाट करून दिली.

वसुधा_कुलकर्णी

मी संस्कृत शिकवत असे, आता निवृत्त. एका गोष्टीकडे लक्ष वेधते. याच बाईंची 'द वेलकम अरायव्हल ऑफ रेन' नावाची वाद्यवृंदाची रचना आहे, अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्रासाठी केलेली. तिची स्फूर्ती भागवतपुराणातलं पावसाचं वर्णन आहे! भाच्याने सांगितलं तेव्हा मी पोथी काढून बसले.

दशम स्कंधाचा विसावा अध्याय म्हणजे वर्षा आणि शरद यांचं वर्णन. उन्हाने कृश झालेली पृथ्वी पाण्याने पुन्हा भरून येते. आटलेले ओढे वाट सोडून धावतात. मेघांचा आवाज ऐकून गप्प पडलेले बेडूक एकदम बोलू लागतात, आणि ते कसे? तर गुरूचं नित्यकर्म संपेपर्यंत मुकाट बसलेले शिष्य मग पाठ म्हणू लागतात तसे. वर्गात हा श्लोक आला की मुली हसायच्या, आणि तो त्यांना कायमचा पाठ व्हायचा.

मला त्या संगीतातलं तंत्र कळलं नाही. कुठे बेडूक, कुठे ओढे असं शोधायला गेले तर सापडलं नाही, आणि शोधणं सोडल्यावर बरं वाटलं. एका गोष्टीतून दुसरी उगवते, तिच्यातून तिसरी, असं ते वाढत जातं. पावसाची भीती किंवा उदासी नाही, स्वागत आहे. इंग्रजी माणूस पावसाचं स्वागत करतो हेच मला नवल! त्यांना पाऊस स्वागताचा आहे हे आपल्याच पोथीतून कळलं असेल.

थेम्सकाठी

वसुधाताई, सुंदर. यात भर : कथाकथन करणाऱ्या वायू नायडू यांच्याबरोबरही वीअर यांनी काम केलं आहे. म्हणजे भारताशी नातं त्या एका रचनेपुरतं नव्हतं, आणि तिथेही धागा गोष्टीचाच.

गोदातीर

मग पदावरच्या दहा वर्षांत काय केलं? मूळ प्रश्न तो होता ना, की पदाने झाकोळ आला का?

थेम्सकाठी

सगळ्या जगाने ऐकलं ते १९ सप्टेंबर २०२२ ला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत राणीच्या अंत्यविधीला. बायबलातल्या बेचाळिसाव्या स्तोत्राला वीअर यांनी चाल दिली होती. हरिण झऱ्यासाठी धापा टाकतं तसा माझा जीव देवासाठी, असे शब्द. आपल्या अभंगांत पाण्याबाहेरच्या मासोळीची तळमळ येते, तीच जात. एवढ्या मोठ्या प्रसंगी तोफा-तुताऱ्यांचं काही लिहायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी तहान लिहिली. मग ६ मे २०२३ ला राज्याभिषेकासाठी बारा नव्या रचना झाल्या, त्यांतली वाद्यवृंदाची एक त्यांची.

पण त्यांचा ब्लॉग वाचला तर दिसतं की त्यांना उत्साह होता तो शाळांना भेटी देण्यात, संगीत शिक्षकांबद्दल लिहिण्यात, हौशी गायकवृंदांत. पद वापरलं ते त्यासाठी. बीबीसी सिंगर्स या बीबीसीच्या गायकवृंदाबरोबरही २०१५ पासून काही वर्षं सहयोगी रचनाकार होत्या. त्याच बीबीसी सिंगर्सना बंद करायची घोषणा मार्च २०२३ मध्ये झाली आणि लोकांच्या विरोधामुळे काही आठवड्यांत थांबली. त्या विरोधात मीही सही केली होती.

आता ऑगस्ट २०२४ पासून त्या जागी एरोलिन वॉलेन. बेलीझला जन्मलेल्या, दोन वर्षांच्या असताना लंडनला आलेल्या. सलग दुसरी बाई. १६२६ पासूनची यादी बघा म्हणजे 'सलग दुसरी' या दोन शब्दांचं वजन कळेल.

मेघना_लेस्टर

मला माझं पहिलं वाक्य दुरुस्त करावं लागेल. ओळख झाकली माझ्या डोळ्यांत. त्या मात्र १९७६ मध्ये खेड्यातल्या वर्गांत जे करत होत्या तेच राजवाड्याचं पत्र खिशात ठेवून करत राहिल्या. आमच्यासारख्या वृंदाला गाता येईल असं त्यांनी लिहिलं नसतं तर मी आज हा धागा काढला नसता. गुरुवारी संध्याकाळी आमच्यात एक बसचालक बास गातात, शाळेतल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक आजी सोप्रानो. त्या आजी 'इल्युमिनारे'चा शेवटचा ध्रुवपदाचा भाग आला की डोळे मिटतात.

आईला काल 'पावसाचं स्वागत' ऐकवलं, व्हिडिओ कॉलवर, फोनला फोन लावून, म्हणजे अर्धा आवाज गेलाच. वसुधाताईंचा बेडकांचा श्लोक आधी वाचून दाखवला. आई शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "यात कुणी गात नाही, पण कुणीतरी सांगतंय." मग म्हणाली, पुढच्या वेळी गाणारं काहीतरी लाव.

नाना_सांगलीकर

उशिरा आलो, माफी असावी. नातवाने 'किंग हॅराल्ड' शोधून दिलं. इंग्रजी भराभर कळत नाही, म्हणून त्याने संहिता छापून आणली, मग दोघांनी चार वेळा ऐकलं. सैन्य कुठे लागलं ते चौथ्यांदा कळलं.

अनघाताई, तुमचं म्हणणं खरं आहे, पण शेवटाकडे कुणी लक्ष दिलं नाही. लढाई संपते, राजा पडतो, आणि मग कुणी आइसलँडचा शहाणा म्हातारा येऊन बोलतो. मी तिथे थांबलो. आमच्या गावी हरिदास आख्यान संपवून शेवटी दोन वाक्यं सांगायचे, तीच जागा. त्याची बाजू हॅराल्डची नाही, इंग्लंडच्या राजाचीही नाही. नातू विचारतो, आजोबा, हा कुणाकडून बोलतोय? म्हटलं, जे मेले त्यांच्याकडून.

मेघनाताई, आईंना गाणारं हवं असेल तर हेच लावा. आधी गोष्ट मराठीत सांगा, मग लावा.

अनघा_प

नाना, मला ती जागा चार वर्षं ऐकून दिसली नव्हती. आज पुन्हा ऐकते.

मेघना_लेस्टर

रविवारी आईला हेच लावते. गोष्टीचं मराठी टाचण अनघाकडून हवं, राण्यांच्या युगुलगीतासकट.